विंडोज टाकताना ‘ड्रायव्हर मिसिंग’ आलं? डिस्क बदलायच्या आधी हे करून बघा

मे महिन्यातली दुपार होती. अमळनेरला बाहेर रस्त्यावर कुत्रं नव्हतं आणि माझ्या दुकानातला कूलर नुसता आवाज करत होता. धरणगावकडचा एक पोरगा डोक्याला रुमाल बांधून आत आला, सॅकमधून लॅपटॉप काढला आणि टेबलावर ठेवत म्हणाला, “दादा, डिस्क मरी गयी वाटस.” दुसऱ्या एका दुकानात त्याला तसंच सांगितलं होतं. एसएसडी उडाली, नवीन टाकावी लागेल, साडेतीन हजार.

मी लॅपटॉप सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये गेलो. पहिल्याच पानावर डिस्कचं नाव दिसत होतं, ५१२ जीबी. डिस्क ठणठणीत होती, फक्त विंडोजच्या सेटअपला ती दिसत नव्हती. पोराचे पैसे वाचले आणि मला या लेखाचा विषय मिळाला, कारण अशा ‘मेलेल्या’ डिस्का माझ्याकडे महिन्यातून दोन-तीन तरी येतात.

पहिल्यांदाच स्वतः विंडोज टाकणाऱ्यांसाठी हे लिहितोय. घाई करू नका. चहा होऊ द्या, चार्जर लावून ठेवा.

आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा

ड्रायव्हर म्हणजे एखादा भाग विंडोजला ओळखता यावा म्हणून लागणाऱ्या फाइली. ‘ड्रायव्हर मिसिंग’ या नावाखाली लोक दोन वेगळ्या अडचणी सांगतात. त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला संदेश विंडोज कुठे टाकायचं हे विचारणाऱ्या पानावर येतो: ‘वी कुडन्ट फाइंड एनी ड्राइव्ह्ज’. खाली डिस्कची यादी रिकामी आणि ‘लोड ड्रायव्हर’चं बटण. विंडोज ११ च्या नव्या सेटअपमध्ये शब्द थोडे बदललेत, पण अर्थ तोच, सेटअपला डिस्क दिसत नाही.

दुसरा संदेश त्याच्या बराच आधी, ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबल्या दाबल्या येतो: ‘अ मीडिया ड्रायव्हर युअर कम्प्युटर नीड्स इज मिसिंग’. यात डिस्कचा काही संबंध नसतो. ज्या पेनड्राइव्हवरून सेटअप चाललाय ती पेनड्राइव्हच सेटअपला नीट वाचता येत नाहीये. गंमत म्हणजे इथं ड्रायव्हर बहुतेक वेळा हरवलेला नसतोच. तरी लोक नेटवरून शंभर ड्रायव्हर उतरवतात आणि संध्याकाळ घालवतात.

तुमचा संदेश कोणता, ते कागदावर लिहा किंवा मोबाइलने फोटो काढा. मग पुढे वाचा.

डिस्क दिसत नसेल तर

बायोसमध्ये जा. लॅपटॉप सुरू करताना डेल आणि एसरला एफ२, एचपीला एफ१०, लेनोवोला बहुतेक एफ२, थिंकपॅडला एफ१, आसुसला एफ२. तिथं डिस्कचं नाव दिसतं का बघा. तिथंही नसेल तर गोष्ट वेगळी आहे. मागचं झाकण उघडून एसएसडी काढून परत घट्ट बसवावी लागेल आणि तरीही दिसली नाही तर मात्र ती खरंच गेली असं समजा. पण बायोसला दिसते आणि सेटअपला दिसत नाही, असं असेल तर निम्मं काम झालं.

असं का होतं? इंटेल प्रोसेसरच्या ११ व्या पिढीपासून, म्हणजे २०२० च्या शेवटापासून बाजारात आलेल्या बऱ्याच लॅपटॉपांत एनव्हीएमई जातीची एसएसडी थेट समोर नसते, मध्ये व्हीएमडी नावाचा एक कंट्रोलर बसवलेला असतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचं उदाहरण घ्या. पूर्वी दार थेट गल्लीत उघडायचं, आता पुढे देवडी झाली आणि देवडीवर माणूस बसवला. सेटअपला पुण्याची मराठी येते, देवडीवरचा बाबा अहिराणीशिवाय बोलत नाही. म्हणून सेटअप बाहेरच उभा राहतो आणि घरात कोणी नाही म्हणून परत फिरतो. ड्रायव्हर म्हणजे या दोघांमधला दुभाष्या. विंडोजच्या पेनड्राइव्हवर हा दुभाष्या बऱ्याचदा नसतो, तो आपणच न्यायचा.

तो मिळवायचे रस्ते दोन. सोपा रस्ता असा की दुसऱ्या संगणकावरून तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर जा, लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचा मॉडेल किंवा सीरियल नंबर टाका आणि स्टोरेज या गटातला ‘इंटेल रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी’ ड्रायव्हर उतरवा. इंटेलच्या साइटवरही तो आहे, पण तिथं सगळ्यात नवी आवृत्ती उचलली की ती जुन्या पिढीला चालेलच असं नाही. तुमच्या मॉडेलच्या पानावर जी दिलीय तीच घ्या.

आता नवखे हमखास अडकतात ती जागा. उतरवलेली फाइल ईएक्सई असते आणि लोक ती तशीच पेनड्राइव्हवर टाकतात. ‘लोड ड्रायव्हर’ला ईएक्सई कळत नाही. त्याला आयएनएफ, एसवायएस आणि कॅट या शेपटाच्या सुट्या फाइली लागतात, म्हणून पॅकेट फोडून घ्यावं लागतं. एचपीची फाइल चालू संगणकावर चालवली की ती आतला माल सी ड्राइव्हमधल्या ‘एसडब्ल्यूसेटअप’ फोल्डरमध्ये उतरवते. मग पुढचं इन्स्टॉल रद्द करा आणि तो फोल्डर उचला. लेनोवोच्या फाइलींत बऱ्याचदा फक्त फोडण्याचा, ‘एक्स्ट्रॅक्ट ओन्ली’चा पर्याय येतो. इंटेलची ‘सेटअपआरएसटी’ ही फाइल असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत) तिच्या नावापुढे जागा सोडून डॅश, त्याला चिकटून ‘एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स’ हा एकच शब्द, परत जागा आणि मग फोल्डरचा पत्ता, असं इंग्रजी अक्षरांत लिहायचं. फुटलेल्या मालात व्हीएमडी नावाचा फोल्डर सापडेल. कधी त्याचं नाव ‘एफ६’ने सुरू होतं. एक्सपीच्या काळात सेटअप चालू असताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा असे. फ्लॉपी गेली, नाव राहिलं. तो फोल्डर विंडोजच्याच पेनड्राइव्हवर, बाकीच्या फाइलींना धक्का न लावता, वेगळा ठेवून द्या.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, पण तो जुनं विंडोज अजून चालू असेल तरच उघडा आहे. फॉरमॅट मारायच्या आधी एखाद्या पेनड्राइव्हवर ‘ड्रायव्हर्स’ नावाचा रिकामा फोल्डर करा, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि ही ओळ इंग्रजी अक्षरांत टाइप करा: ‘पीएनपीयूटील /एक्सपोर्ट-ड्रायव्हर * ई:\ड्रायव्हर्स’. ई च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर. कंपनीने टाकलेले सगळे ड्रायव्हर, वायफायपासून टचपॅडपर्यंत, सुट्या रूपात त्यात येऊन पडतात. डिस्कवाला शोधायचा तर ‘आयएएसटीओआरव्हीडी’ या अक्षरांनी सुरू होणारा फोल्डर बघा. तो तुमच्याच लॅपटॉपवर चालत होता, त्यामुळे जुळेल की नाही हा प्रश्नच नाही.

आता सेटअपकडे. रिकाम्या यादीच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबा, ‘ब्राउझ’ दाबा, पेनड्राइव्ह शोधा. इथं पेनड्राइव्हला सी किंवा डी असं भलतंच अक्षर मिळालेलं असतं, गोंधळू नका, आकार बघून ओळखा. व्हीएमडीचा फोल्डर निवडून ओके करा. ‘न जुळणारे ड्रायव्हर लपवा’ या अर्थाची चौकट खूण केलेलीच राहू द्या, मग यादी छोटी येते. ११ व्या पिढीला ‘इंटेल आरएसटी व्हीएमडी कंट्रोलर ९ए०बी’ असं नाव दिसेल, १२ व्या पिढीला शेवटी ‘४६७एफ’. शेजारी ‘व्हीएमडी मॅनेज्ड कंट्रोलर’ अशीही एक ओळ असेल, ती आपली नाही. ‘मॅनेज्ड’ नसलेली घ्या आणि ‘नेक्स्ट’ करा. पडदा पाच-दहा सेकंद थबकतो, मग रिकाम्या जागी ‘ड्राइव्ह ०’ आणि त्याखालच्या पार्टिशनांची, म्हणजे डिस्कच्या भागांची रांग उमटते. त्या पोराने इथं सुटकेचा श्वास सोडला तो मला कूलरच्या आवाजातही ऐकू आला.

लगेच डिलीटवर जाऊ नका. आपलं काय आहे आणि कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन कोणतं, ते आकारांवरून वाचा. आणखी एक. ड्रायव्हर लागायच्या आधी यादीत एकच १४ किंवा २९ जीबीची डिस्क दिसत असेल तर ती तुमची डिस्क नाही, ती पेनड्राइव्ह आहे. एका मित्राने ‘जागा करायला’ तीच पुसली आणि सेटअप जिथं बसला होता तीच फांदी तोडली.

ड्रायव्हर देऊनही काही दिसलं नाही तर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा. काही लॅपटॉपांत एफएनचं बटणही बरोबर दाबावं लागतं. काळी खिडकी उघडेल. तिथं ‘डिस्कपार्ट’ लिहून एंटर, मग ‘लिस्ट डिस्क’. तिथंही फक्त पेनड्राइव्हच दिसली तर ड्रायव्हर चुकीच्या पिढीचा आहे. मॉडेल नंबर परत तपासा.

व्हीएमडी बंदच करून टाकलं तर?

यूट्यूबवर सर्रास हाच उपाय सांगतात. बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करायचं, की डिस्क सेटअपला आपोआप दिसते. उपाय खोटा नाही. एसरमध्ये हा पर्याय लपवलेला असतो, ‘मेन’च्या पानावर कंट्रोल आणि एस दाबलं की उघडतो. डेलमध्ये स्टोरेजखाली ‘रेड ऑन’ असतं (रेड म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून वापरायची पद्धत), ते ‘एएचसीआय/एनव्हीएमई’ करायचं. एचपीच्या बऱ्याच घरगुती लॅपटॉपांत हा पर्याय मिळतच नाही, तिथं ड्रायव्हर देण्यावाचून गत्यंतर नाही.

तरी मी हे सहसा करत नाही. पुढे कधी बायोस अपडेट झाला किंवा कोणी ‘डीफॉल्ट’ करून टाकला की व्हीएमडी परत चालू होतं आणि विंडोज पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून बसतं. तेव्हा गिऱ्हाईक परत माझ्याकडे येतं आणि तोवर मी काय केलं होतं ते मीच विसरलेलो असतो. उलटंही तितकंच खरं, व्हीएमडी चालू असताना टाकलेल्या विंडोजवर ते नुसतं बंद केलं तर तोच संदेश. आतला डेटा हवा असेल तर या सेटिंगला हात लावायच्या आधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप घालणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन बऱ्याचदा मालकाला न कळत चालू झालेलं असतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते.

एएमडीच्या रायझन प्रोसेसरवाल्यांना व्हीएमडीची भानगड नाही, ते प्रकरण इंटेलचं आहे. त्यांची डिस्क दिसत नसेल तर बायोसमध्ये रेड चालू आहे का ते आधी बघा.

‘मीडिया ड्रायव्हर’ म्हणत असेल तर

हा माझ्या स्वतःच्या फजितीचा भाग. पारोळ्याजवळच्या एका खेड्यात नातेवाइकाकडे त्याचा डेस्कटॉप दुरुस्त करायला गेलो होतो. त्याच्याच दुसऱ्या पीसीवर पेनड्राइव्ह बनवायला लावली आणि अर्ध्यात लाइट गेली. आली तेव्हा पेनड्राइव्ह उघडून बघितली, सगळे फोल्डर जागच्या जागी. म्हटलं झालं असेल. सेटअप सुरू झाला, त्याचं नेहमीचं पान आलं, ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबलं आणि मीडिया ड्रायव्हर मिसिंग! दोन तास मी चिपसेटचे ड्रायव्हर देत बसलो. शेवटी पेनड्राइव्ह नव्याने बनवली तेव्हा पहिल्या फटक्यात चालली. फोल्डर दिसत होते, आतला माल अर्धाच होता.

म्हणून या संदेशावर पहिला उपाय फुकटातला. संदेश बंद करा, मागे येत येत ‘इन्स्टॉल नाऊ’च्या पानावर पोचा, पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या भोकात घाला आणि परत ‘इन्स्टॉल नाऊ’. ऐकायला टोटका वाटतो, पण बऱ्याच वेळा चालतो. निळ्या भोकात, म्हणजे यूएसबी ३ मध्ये असेल तर काळ्यात घाला. डेस्कटॉप असेल तर पुढची भोकं सोडा, मागची वापरा, ती थेट मदरबोर्डवर असतात. हब, एक्स्टेन्शन काही नको.

तेवढ्याने भागलं नाही तर पेनड्राइव्ह नव्याने बनवा. किमान ८ जीबीची, शक्यतो नव्यातली घ्या. लग्नाच्या व्हिडिओवाल्याने दिलेली दहा वर्षांपूर्वीची नको. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरलं तर ते स्वतःच उतरवतं आणि स्वतःच तपासतं. आयएसओ, म्हणजे सगळा सेटअप एकत्र बांधलेली फाइल वेगळी उतरवली असेल तर रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने बनवा. फाइल मोबाइल हॉटस्पॉटवरून तुकड्यातुकड्यांत उतरली असेल तर आधी तपासा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘सर्टयूटील -हॅशफाइल’, पुढे फाइलचं नाव, शेवटी ‘एसएचए२५६’. जो लांबलचक अंक येईल तो मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या अंकाशी ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल फेका. आयएसओची फाइल नुसती पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून चालत नाही, हे सांगायला नको, पण सांगतो, कारण दर महिन्याला एक जण तसंच करून आणतो.

आणि पेनड्राइव्ह बनवायची असेल तर बॅटरी असलेल्या लॅपटॉपवर किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर बनवा. आपल्याकडे लाइट विचारून जात नाही.

जिनिंगमधला जुना पीसी

खानदेशात काही ठिकाणी, जिनिंगच्या वजनकाट्यावर किंवा एखाद्या दवाखान्यातल्या मशीनला, अजून विंडोज ७ लागतं, कारण सॉफ्टवेअर तेवढ्यावरच चालतं. त्याला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० लाच संपला, त्यामुळे इंटरनेट लावू नका, एवढं सांगून पुढे जातो. विंडोज ७ च्या सेटअपमध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही. इंटेलच्या ६ व्या पिढीपासूनच्या बोर्डांवर जुना यूएसबी २ चा कंट्रोलरच काढून टाकलाय, म्हणून सेटअप उघडतो पण माउस-कीबोर्ड दोन्ही मुके. गोल पिनचा जुना कीबोर्ड अशा वेळी देवासारखा धावून येतो. भंगारात एखादा दिसला तर उचलून ठेवा.

विंडोज बसलं, आता वायफाय नाही

विंडोज ११ सेटअपच्या शेवटी इंटरनेट मागतं आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तिथंच अडून बसतं. सगळ्यात सोपं म्हणजे अँड्रॉइड फोन डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. विंडोजला यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही, मिनिटभरात नेट येतं. केबल नुसती चार्जिंगची असेल तर हा पर्याय फोनवर फिका दिसेल, केबल बदला. आयफोनला त्याचाच ड्रायव्हर आधी लागतो, म्हणून शेजाऱ्याचा अँड्रॉइड मागा.

टचपॅड चालत नसेल तर घाबरू नका, यूएसबी माउस लावून पुढे चला. बऱ्याच लॅपटॉपांत टचपॅड इंटेलच्या ‘सीरियल आयओ’ ड्रायव्हरवर चालतो, तो टाकल्यावर जागा होतो.

डेस्कटॉप आला की विंडोज अपडेट चालवा, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधलं ‘ऑप्शनल अपडेट्स’ उघडा. निम्मे ड्रायव्हर तिथंच मिळतात. उरलेले डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह घेऊन बसलेले असतील. त्यातल्या एकावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, ‘हार्डवेअर आयडीज’. तिथं ‘व्हीईएन’ नंतरचे चार अंक-अक्षरं म्हणजे त्या भागाचं आडनाव: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक, १०डीई एनव्हिडिया, १००२ एएमडी. याचा उपयोग वायफायला जास्त होतो. लॅपटॉपच्या एकाच मॉडेलमध्ये कंपनी कधी इंटेलचं, कधी रिअलटेकचं, कधी मीडियाटेकचं कार्ड बसवते, म्हणून साइटवर वायफायचे तीन ड्रायव्हर दिसतात आणि माणूस तिन्ही टाकून बघतो. आयडी बघितली की एकच टाकावा लागतो.

एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर शोधून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर मी गिऱ्हाइकाच्या मशीनवर टाकत नाही. ड्रायव्हरबरोबर ती काय काय घेऊन येतात ते काढण्यात माझे पुरेसे तास गेलेत.

विंडोजची ‘प्रॉडक्ट की’, म्हणजे परवान्याचा क्रमांक विचारला तर ‘माझ्याकडे की नाही’ निवडून पुढे जा. लॅपटॉप मूळ विंडोजसकट घेतला असेल तर ती मदरबोर्डमध्येच असते, नेट लागलं की आपोआप जुळते. फक्त होम की प्रो, जे मूळ होतं तेच निवडा.

त्या पोराचं काम तासाभरात झालं. जाताना त्याने व्हीएमडीचा फोल्डर स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि पेनड्राइव्हला चिकटपट्टी लावून वर पेनाने लॅपटॉपचा मॉडेल नंबर लिहिला. पुढच्या आठवड्यात त्याच्याच वर्गातला दुसरा पोरगा तसाच लॅपटॉप घेऊन माझ्याकडे यायला निघाला होता, त्याला त्याने एरंडोलच्या स्टँडवरूनच परत फिरवलं.